पोटाशी धरलेलं खमीर

ग्यूरीचा आवाज आमच्या खोऱ्यात कुणी धड ऐकला नव्हता. बोलायची तेही पुटपुटल्यासारखं. घरातली सगळी बोंबाबोंब तिचा नवरा ऐलिव्ह करायचा. बिअरच्या पिंपात खमीर सोडतानाची त्याची आरोळी तर तळ्यापलीकडे जायची. रीतच आहे ती इथली. सोडणाऱ्याने रागाने ओरडायचं, नाहीतर बिअर मिळमिळीत होते. पटत नसेल त्याने न ओरडता करून बघावी.

ऐलिव्हला जाऊन दोन हिवाळे झाले, आणि आता लेकीचं, सुनिवाचं लग्न दारात आलं. लग्नाची बिअर घरचीच हवी. शेतातली होती नव्हती ती सगळी बार्ली ग्यूरीने मोड आणून, वाळवून, दळून जुनिपरच्या डहाळ्या उकळलेल्या पाण्यात भिजवली. त्याचा गोड काढा आता पिंपात वाफाळत होता. बिघडला तर पुन्हा करायला घरात दाणा उरला नव्हता.

अडलं होतं ते खमिरापाशी. माळ्यावर एक लाकडी कडं टांगलेलं होतं, आणि त्याच्या खाचांत ऐलिव्हने शेवटच्या खेपेला सुकवलेलं घरचं खमीर होतं. ऐलिव्हचा थोरला भाऊ सेवात म्हणत होता की ते मेलंय. त्याने परवा एक खपली वाटीभर साखरपाण्यात घालून पाहिली, तर ती ढिम्म हलली नाही. म्हणून त्याने शहरातून खमिराची पुडी आणली. पण पुडीतल्याला गारवा लागतो आणि घरच्याला अंगाइतकी ऊब. एकाचं जमवायला जावं तर दुसरं हातचं जाणार. काढा निवत चालला होता, तो अंगाइतका कोमट होईतोच काय ते ठरवायचं होतं.

"भावजी, ती वाटी कुठे ठेवली होतीत?" ग्यूरीने विचारलं.

"खिडकीत. पुडीवर लिहिलंय तशी, गार."

ग्यूरी मनात म्हणाली, जन्मभर भावाची बिअर ढोसली या माणसाने, आणि घरच्या खमिराची खोड ठाऊक नाही! खिडकीतल्या गारठ्यात ते उठेल तरी कसं?

तिने माळ्यावरचं कडं खाली आणलं, त्यावरून एक खपली काढली, कोमट काढ्याच्या वाटीत टाकली, फडकं बांधलं आणि वाटी लोकरी जाकिटाच्या आत पोटाशी धरून पिंपाशेजारी बसली.

"अंडी उबवतेस की काय गं?" सेवात म्हणाला.

तिने लक्ष दिलं नाही. मधूनच पिंपात कोपर बुडवून बघायची. आधी चटका बसायचा, मग बसेना. मग काढ्याचा कोमटपणाही कळेनासा झाला, म्हणजे तो अंगाइतका झाला. वाटी मात्र गप्पच. सेवात उठला आणि काढा गार करायला बर्फाची बादली भरून आणली. आता बादली ओतायची तेवढी बाकी होती.

तेवढ्यात तिच्या पोटाला बारीक थरथर जाणवली. लेक पोटात असताना पहिल्यांदा हलली होती, तशी. तिने फडकं सोडलं. वाटी फेसाने काठोकाठ भरली होती आणि संत्र्यासारखा वास सुटला होता. त्यांच्या बिअरचा तो जुनाच वास. सेवातच्या हातातली बादली तशीच राहिली. ज्याने हे सुकवलं तो मातीत गेला, आणि हे इतके दिवस माळ्यावर निपचित पडून नुसत्या अंगाच्या उबेची वाट बघत होतं! ग्यूरीला हात जोडावेसे वाटले.

तिने वाटी पिंपात ओतली, मागोमाग कडंही सोडलं. आणि थांबली. आता ओरडायचं होतं, तेही रागाने.

"राग आण, ग्यूरी," सेवात हळूच म्हणाला.

"कुणाचा आणू?"

ती पिंपावर वाकली, आणि दोन हिवाळे आत दाबून ठेवलेलं सगळं एका हाकेत बाहेर आलं.

"ऐलिव्ह!"

सेवातने डोक्यावरची टोपी काढली. थोड्या वेळाने तळ्याकाठून सुनिवा धापा टाकत घरी आली. दारातच थबकली, तोंड पांढरं पडलेलं.

"आई," ती म्हणाली, "मला वाटलं बाबाच ओरडले."

ग्यूरीने तिचा हात धरून तिला पिंपाशी नेलं आणि कान लावायला सांगितलं. आत बारीक सळसळ सुरू झाली होती.