अजून जमत नाही

बाबांच्या ऑपरेशननंतर त्यांच्या खाटेशी सलाईनचं नवं यंत्र आणलं. ते लावायला आलेल्या सिस्टर केस पिकलेल्या, अनुभवी होत्या. बटणाकडे नेलेलं बोट त्यांनी मागे घेतलं आणि इन्चार्ज सिस्टरना हाक मारली. "मॅडम, मला हे अजून नीट जमत नाही. जरा बघता का?"

आता यांना सगळ्यांसमोर बोलणी बसणार, असं मला वाटलं. पण इन्चार्ज म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. दुपारी सगळ्यांनाच पुन्हा शिकवू." दोघींनी मिळून यंत्र लावलं. बाबांनी निर्धास्तपणे डोळे मिटले.

मी मात्र विचार करत बसले. येत नाही असं म्हणायला केवढा धीर लागतो! आणि तो सगळा काही आपला नसतो; थोडा ऐकणाऱ्यानेही द्यावा लागतो.

दुपारी सगळ्या सिस्टर यंत्राभोवती जमल्या. शिकवून झाल्यावर इन्चार्जनी विचारलं, "कळलं ना?" बऱ्याच माना हलल्या. मागून एक नवी सिस्टर हळूच म्हणाली, "मला नाही कळलं."

कुणी हसलं नाही. पिकल्या केसांच्या सिस्टर जराशा सरकल्या आणि त्यांनी तिला पुढे, यंत्राजवळ जागा करून दिली.