गारठ्याची रोजची बातमी

चष्मेवालीने आयुष्यात एकच शपथ मोडली, तीही जेवताना, बोलता बोलता. मोडली तेव्हा तिचं तिलाही कळलं नाही.

चष्मेवाली म्हणजे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणारी बाई. पुढे काउंटरवर मालकाचा जावई बसायचा, गिऱ्हाइकांवर इंग्रजी झाडायचा आणि नंबरच्या चिठ्ठ्या मागे सरकवायचा. मागे ही. चाकावर पाण्याची बारीक धार, बोटांत काच, आणि दिवसभर कानाशी घर्र घर्र. घासलेली काच फ्रेममध्ये टक्‌कन बसली की तिला बरं वाटायचं. नाकासमोर चालणारी बाई होती ती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आईवडील लवकर गेले. धाकट्या बहिणीला हिनेच लहानाचं मोठं केलं. ती बहीण आता पुलापलीकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये फळं निवडायच्या कामाला जात होती. एका खोलीत दोघींचा संसार होता, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ नवराबायकोंपेक्षा बरा होता.

चष्मेवालीला काउंटरवर यायचं होतं. मालक म्हणाला, "इंग्रजी आलं की ये." झालं. बाईंनी इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. वर्ग कसला, एका गाळ्यात दहाबारा खुर्च्या आणि एक मास्तर. तो मास्तरही एके दिवशी गाशा गुंडाळून पसार झाला. बाकीचे हात हलवत घरी गेले, तिघं मात्र हट्टाला पेटले. एक चष्मेवाली. दुसरा शाळेची बस चालवणारा, पोट सुटलेला, सदा हसतमुख, ज्याला सगळे दादा म्हणत. आणि तिसरा गारठा.

गारठा हे नाव दादाने ठेवलेलं. माणूस पुलापलीकडच्या त्याच कोल्ड स्टोरेजच्या मशीनघरात ऑपरेटर होता, आणि सवयीने भर उन्हातही स्वेटर घालून हिंडायचा. महा लाजाळू. आपल्या भाषेतसुद्धा चार शब्द बोलला तर पाचवा उद्यावर ठेवायचा. त्याला जहाजावर जायचं होतं. जहाजातही म्हणे मोठमोठ्या थंड खोल्या असतात, त्या सांभाळायला माणूस लागतो, पण त्याला इंग्रजी यावं लागतं.

तिघांनी फोनवर गट केला. रोज दुपारच्या सुट्टीत प्रत्येकाने दोन गोष्टी बोलून पाठवायच्या, एक बातमी आणि एक घरची किंवा कामावरची गोष्ट. सगळं इंग्रजीत. आपल्या भाषेतला एक शब्द जरी निसटला तर दंड म्हणून गाणं म्हणायचं. दादा या कामी पक्का फौजदार. चष्मेवालीने एकदा चुकून "अगंबाई" म्हटलं तर तिच्याकडून अख्खं गाणं म्हणवून घेतलं त्याने, कडव्यांसकट.

गारठ्याचं तोंड मात्र उघडेना. आपण काही बोलू आणि ते बाहेर जाईल, ही त्याची भीती. मग दादाने एक दिवस चहा पिता पिता दुसरा नियम काढला. "हे बघा, इंग्रजीत सांगितलेलं इंग्रजीतच राहणार. बाहेर भेटलो तरी त्यावर चकार शब्द नाही. घ्या शपथ." तिघांनी हसत हसत शपथ घेतली.

आणि काय सांगावं, त्या शपथेने जादू केली. दादा बायकोच्या घोरण्याबद्दल बोलला. चष्मेवालीने मालकाच्या जावयाचा उभा आडवा समाचार घेतला. आपल्या भाषेत हे बोलायची तिची छाती झाली नसती, इंग्रजीत मात्र धडाधडा बोलली. आणि गारठाही बोलायला लागला. "टुडेज न्यूज," अशी त्याची सुरुवात असायची, हळू आवाजात, मागे मशीनची धडधड.

त्याची बातमी रोज एकाच पाइपाची असायची. फळं निवडायच्या हॉलच्या छतावरून अमोनियाचा, म्हणजे गारवा करणाऱ्या विषारी वायूचा, जुना पाइप जातो. वरून गुंडाळलेला आहे म्हणून छान दिसतो. गुंडाळी सोडवली तर आत गंज. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आज मी गंधकाची कांडी पेटवून सांध्याजवळ धरली, पांढरा धूर उठला, म्हणजे वायू गळतो आहे. पुढे म्हणाला, मॅनेजरला सांगितलं, तो म्हणाला हंगाम संपू दे, मग बघू, आणि बाहेर बोललास तर घरी बसशील.

यावर दोघांनी काय करावं? दादाने टाळ्यांचं चित्र पाठवलं. चष्मेवाली म्हणाली, "व्हेरी गुड. आवाज जरा मोठा ठेव."

त्यात त्यांची चूक तरी काय म्हणायची. एकेक शब्द गोळा करून वाक्य समजायचं, ते बरोबर आहे का ते बघायचं, यातच सगळा जीव जायचा. परक्या भाषेतलं संकट अंगावर काटा आणत नाही हो. ते धड्यातल्या पुरासारखं असतं, वाचून झालं की पान उलटायचं.

एका दुपारी गारठा बराच वेळ बोलला. म्हणाला, हा वायू आधी नाकाला कळतो. मग नाकाला त्याची सवय होते आणि नाक विसरून जातं. मग डोळ्यांना कळतो. डोळे विसरत नाहीत. डोळे रडायला लागले की पळायचं. चष्मेवालीला हे फार आवडलं, आपल्या धंद्यातलं बोलला म्हणून. तिने ते पुन्हा पुन्हा ऐकलं आणि पाठ करून टाकलं.

त्याच संध्याकाळी दोघी बहिणी जेवायला बसल्या होत्या. बहीण म्हणाली, "ताई, आज काय शिकलीस? बोलून दाखव की." चष्मेवालीने ऐटीत इंग्रजीत म्हणून दाखवलं. बहिणीला ओ की ठो कळलं नाही. "म्हणजे काय?" तेव्हा चष्मेवाली आपल्या भाषेत सांगू लागली. "म्हणजे असं, की हॉलच्या छतावरचा पाइप गंजलाय. त्यातून वायू गळतोय. आधी नाकाला..."

आणि तिचा घास हातातच राहिला. इतके दिवस रोज ऐकत होती ती गोष्ट तिने आत्ता पहिल्यांदा ऐकली होती, तीही स्वतःच्या तोंडून. कुठला हॉल? फळं निवडायचा हॉल. त्या हॉलमध्ये कोण उभं असतं दिवसभर? समोर बसून भाजीत बोट बुडवून चाखत होती ती.

"तुला कुणी सांगितलं?" बहिणीने विचारलं.

"कुणी का सांगेना. तू उद्यापासून जायचं नाहीस."

"वा गं वा. आणि खायचं काय?"

चष्मेवालीने नाव सांगितलं नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणता येईल. पण त्या पाइपाबद्दल तक्रार करणारा जगात एकच माणूस होता. आणि बहीण पडली भोळी. घरी बसेल ती कसली, सकाळी गेली आणि सरळ मॅनेजरसमोर उभी राहिली. "साहेब, वरच्या पाइपातून वायू गळतो म्हणतात, खरं का?" सगळ्या बायकांच्या भल्यासाठीच विचारलं बिचारीने. मॅनेजर गोड हसला. म्हणाला, "कोण म्हणतं असं?" मग उत्तराची वाट न बघता मशीनघराकडे गेला.

दुपारी गटात गारठ्याचा आवाज आला. मागे मशीन नव्हतं. टुडेज न्यूज, तो म्हणाला. आज मला कामावरून काढलं. मित्रांनो, तुम्ही माझं बोलणं सुधारलंत, आभारी आहे. बस, एवढंच. दादाने त्या दिवशी टाळ्या पाठवल्या नाहीत.

चष्मेवाली संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तो स्वेटर घालून पायरीवर बसला होता. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. रडली.

"बहीण माझी असती तर मीही सांगितलं असतं," तो म्हणाला. "तुझ्यावर राग नाही. पण आता त्या पाइपाकडे बघणार कोण?"

बघणार मॅनेजरचा मेव्हणा. गारठ्याच्या जागी त्यालाच आणून बसवला, ज्याने आयुष्यात पंख्यापलीकडे गार असं काही हाताळलं नव्हतं. हॉलमध्ये बायकांना गोळा करून मॅनेजरने सांगितलं की तपासणी झाली, सगळं ठणठणीत आहे, आणि ज्याला भीती वाटते त्याने खुशाल घरी बसावं. सगळ्या हसल्या आणि चष्मेवालीच्या बहिणीला भित्री भागूबाई म्हणायला लागल्या. ती घरी येऊन ताईवरच उखडली. "तुझ्या इंग्रजीपायी माझं हसं झालं. एका माणसाच्या पोटावर पाय आला तो वेगळाच."

चष्मेवालीने तिला हात जोडले, ओरडली, एक दिवस दाराला कडी लावून बसली. पण धडधाकट बाईला किती दिवस कोंडणार? बहीण जायला लागली.

गट चालू राहिला, नावाला. दादा त्याच्या बसमधल्या पोरांच्या गमती सांगायचा. चष्मेवाली कशीबशी दोन वाक्यं बोलायची. गारठा गटात होता, ऐकतही असावा, पण बोलत नव्हता. त्याची बोलायची वेळ झाली की चष्मेवाली फोन हातात धरून बसायची. तो रोज पाइपाचं रडगाणं गायचा तेव्हा निदान एवढं कळायचं की पाइप आज आहे. कुणीतरी त्याच्यावर डोळा ठेवून आहे. आता पुलापलीकडून काहीच कळत नव्हतं. रोज संध्याकाळी बहीण दारात आली की ती आधी तिचा पदर हुंगायची. बहीण चिडायची. "मांजर आहेस का?"

"वास येतो का गं तिथे?" ती विचारायची.

"आधी थोडा यायचा. आता नाही येत," बहीण म्हणाली एकदा. चष्मेवाली त्या रात्री झोपली नाही.

मग ती दुपार. हातात जाड काच होती, चाक फिरत होतं, आणि बहिणीचा फोन आला. कामाच्या वेळेत ती कधी फोन करत नसे.

"ताई, तुझ्या मालकाला विचार ना, डोळे तपासायला कधी येऊ?" बहीण मजेत होती. मागे बायकांची बडबड ऐकू येत होती. "माझा नंबर लागलाय बहुतेक. सकाळपासून डोळ्यांतून पाणी थांबत नाहीये. आणि एकटीचं नाही, आमच्या अख्ख्या रांगेचं. नवा ऑपरेटर म्हणतो फळं पुसायच्या औषधाने होतं. सगळ्या म्हणतायत, हिच्या बहिणीकडेच जाऊ, गिऱ्हाईक म्हणून."

काच हातातून निसटून चाकावर तडकली.

"बाहेर पड," चष्मेवाली म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. सगळ्यांना घेऊन बाहेर पड."

"झालं तुझं सुरू. अगं, शटर खाली आहे. गारवा जातो म्हणून सुट्टीपर्यंत उघडत नाहीत. आणि पुन्हा माझं हसं..."

"ऐक माझं. ओला फडका तोंडावर घे आणि शटर वाजव."

"ताई, साहेब येतायत, ठेवते."

तिने पुन्हा लावला. उचलला नाही. मग गारठ्याला लावला. त्याने पहिल्याच घंटेला उचलला.

"डोळे," एवढंच ती म्हणाली.

"कुणाचे?" त्याने विचारलं. तिने सांगितलं.

"अख्ख्या रांगेचे," तो स्वतःशीच म्हणाला. पायात चपला सरकवल्याचा आवाज आला. "मागच्या बाजूला एक दार आहे, मला माहीत आहे. दादाची बस आत्ता तिथूनच जाते, त्याला सांगतो." फोन बंद झाला.

जावई काउंटरवरून काहीतरी ओरडला. चष्मेवाली कामाचा ओला फडका तसाच कमरेला ठेवून रस्त्यावर आली आणि पळत सुटली. पळायची सवय नव्हती, दम लागत होता. बाजार नेहमीसारखा चालला होता. लोक भाव करत होते, रस्ता ओलांडत होते. पुलाच्या अलीकडे तिला समोरून येणारी पहिली माणसं दिसली. ती नाकाला रुमाल लावून येत होती, आणि सगळ्यांचे डोळे लाल होते.

हातातल्या फोनवर गटाचा आवाज वाजला. दादाने बोलून पाठवलं होतं. त्या गटात कुणीच कधी बोललं नव्हतं तसं, आपल्या भाषेत, धापा टाकत.

"अगं, तू जिथे असशील तिथेच थांब, इकडे येऊ नकोस. गारठा मागच्या दाराने आत गेलाय. बायका बाहेर येतायत, मी बसमध्ये घेतोय त्यांना." मग खोकला, आणि लांब कुठेतरी कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. "तुझी अजून दिसली नाही."

चष्मेवालीने ओला फडका तोंडाला बांधला आणि ती पुलावर चढली.