सकाळचा रुपया

दुर्गाबाईंकडे परवा एक मुलगी आली. पूर्णिमा नाव, वाघोलीच्या कुठल्याशा मॅनेजमेंट कॉलेजातली. साथीत लोक मोबाइलच्या वॉलेटने पैसे द्यायला लागले, ते अजूनही का देतात, असा तिचा प्रकल्प. उत्तरं तिच्याकडे तयारच होती : सोय, सुरक्षितता, कॅशबॅक, सवय. आपण फक्त एक निवडायचं. मी शेजारीण, चहाला बसले होते, म्हणून जीभ आवरली.

दुर्गाबाई वाशीमकडच्या. खराडीच्या कंपन्यांतल्या पोरांना डबे देतात. साथीआधी मोबाइलच्या पैशांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "हातात पडन तेच खरं," म्हणायच्या. मग साथ आली आणि नोटेला कुणी हात लावेना. आम्ही नोटा धुऊन दोरीवर वाळत घातल्या. हसू नका, तुम्हीही घातल्या असतील. शेवटी त्यांचे यजमान हिंमतराव यांनी त्यांच्या मोबाइलवर वॉलेट घालून दिलं. शिकवणीही घेतली. खाटेवरून ते एक रुपया पाठवायचे, ओट्याजवळून त्या तोच परत करायच्या. भिंतीपलीकडून मला दोघांचं हसणं ऐकू यायचं.

मग हिंमतरावांनाच दवाखान्यात न्यावं लागलं. आत कुणाला सोडत नव्हते. ऑक्सिजनचा मास्क लागला की बोलणं बंद, आणि दुर्गाबाईंना अक्षरं येत नाहीत, आकडे तेवढे कळतात. म्हणून जातानाच त्यांनी सांगून ठेवलं, "रोज सकाळी एक रुपया टाकतो. आला का समज, मी हाय."

रुपया यायचा. तो वाजल्याशिवाय दुर्गाबाई तवा चढवायच्या नाहीत. मीही इकडे कान देऊन बसायचे.

एके सकाळी तो वाजला आणि त्या मला सांगायला धावत दारात आल्या. खुशीत वांगी भाजायला घेतली, हिंमतरावांना भरीत फार आवडायचं. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. हिंमतराव पहाटे गेले होते.

"दुसऱ्या कोनाचा हिंमतराव असन!" दुर्गाबाई कडाडल्या. "माह्या मानसाचा रुपया आत्ताच आला." त्यांनी फोन आपटला, भरीत फोडणीला टाकलं आणि आनंद नावाच्या गिऱ्हाईक पोराला डबा घेऊन दवाखान्यात पिटाळलं. मीही त्यांच्यासारखीच त्या रुपयाला धरून बसले. दुपारी आनंद डबा तसाच परत घेऊन आला.

रुपया आदल्या रात्रीच पाठवलेला होता, कुठेतरी अडकून सकाळी पोचला, असं त्यानेच मोबाइल पाहून सांगितलं. रोज सकाळी पाठवणाऱ्या माणसाने तो रात्रीच का पाठवला, हे कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेव्हापासून मी घरात भरीत केलेलं नाही.

"काकू, आता तर सगळे नोटा घेतात," पूर्णिमा म्हणाली. "मग तुम्ही हेच का वापरता?"

तेवढ्यात मोबाइल वाजला. कुणीतरी डब्याचे पैसे पाठवले असणार. दुर्गाबाईंनी तो उचलला नाही. त्या लगेच कधीच पाहत नाहीत. पाहिलं नाही, तोवर तो एक रुपया असू शकतो.

"काय लिहू, काकू?"

दुर्गाबाईंनी पदराला हात पुसले.

"सवय लिही, बाई."