ताई, स्लो वाढवून देतो

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमची मोटरसायकल सगळ्यांत पुढे असते. बाबांनी मास्तरकी लागल्यावर घेतलेली, वयानं माझ्याहून मोठी. तिला निळा झेंडा बांधायचा आणि अकोल्याच्या जुन्या शहरातून मोर्णेच्या पुलापर्यंत माणसाच्या चालीनं न्यायची. यंदा बाबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. मी चालवू का, असं विचारलं तर म्हणाले, "पयले चालू तं होऊ दे, मंग पाहू." मी तो होकार समजले, कारण दहावीत असताना शाळेच्या मैदानावर ती चालवायला मला त्यांनीच शिकवलं होतं.

चालूच तर होत नव्हती. थंड असताना पंधरा-वीस किका, मग चोक ओढून कशीबशी सुरू व्हायची आणि मूठ सोडली की बंद. रस्त्यावर पळवायची असती तर भागलं असतं. मिरवणुकीत मात्र पावलोपावली थांबावं लागतं, तिथं मूठ सोडूनही इंजिन धडधडत राहायला हवं.

पहिल्या मेकॅनिकनं मला विचारलं, "ताई, घरी कोनी माणूस नाई काय? त्याले पाठवा, समजावून सांगतो." मी अमरावतीला पॉलिटेक्निकात मुलांना मशीन ड्रॉइंग शिकवते. हे त्याला तेव्हाच ऐकवलं नाही, याचा मला अजून राग येतो. त्यानं प्लग बदलला आणि 'स्लो' वाढवून दिली, म्हणजे एक स्क्रू पिळून इंजिन उगाच जोरात फिरत ठेवलं. खोकला ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठा लावावा, तसली ही दुरुस्ती.

दुसऱ्यानं कार्ब्युरेटर खोलला, कचरा होता म्हणाला, साफ केला आणि पुन्हा स्लो वाढवली. आता क्लच सोडला की गाडी आपणहून पुढे उडी घ्यायची. अशी गाडी बायकापोरांच्या गर्दीत न्यायची? तिसरा म्हणाला, विकून टाका, स्कूटर घ्या. बोलताना तो माझ्याकडे नाही, शेजारी चहा पिणाऱ्या गृहस्थाकडे बघत होता. त्या गृहस्थाला मी ओळखतसुद्धा नव्हते.

शेवटी रविवारी अंगणात मीच बसले. प्लग काढला तर मिठासारखा पांढरा. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. हवा कुठून तरी चोरून आत शिरत होती. गाडी कशीबशी सुरू ठेवली आणि कार्ब्युरेटर इंजिनाला जिथं जोडतात तिथं तेलाचे दोन थेंब सोडले. तेलानं फट बुजली तेवढ्यापुरता आवाज बदलला. सापडलं.

जोड खोलला. आतलं पॅकिंग कुणीतरी लग्नपत्रिकेचं कापून बसवलं होतं! गुळगुळीत, चकचकीत पत्रिका. पेट्रोलनं फुगून तिला सुरकुत्या पडलेल्या. 'सहकुटुंब' एवढं अजून वाचता येत होतं. दुसऱ्या मेकॅनिकनं ते हातात घेतलं असणार, आणि तसंच परत लावलं. माझं डोकं सणकलं.

जुन्या शहरातून पॅकिंगचा कागद आणला, मोजून कापला, बसवला. मग त्या दोघांनी पिळलेला स्क्रू मागे घेतला. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि इतकी संथ चालली की ठोके मोजावेत. बाबा ओट्यावर डोळे मिटून ऐकत होते. मला फार बरं वाटलं.

चौदा तारखेला सकाळी मी झेंडा बांधत होते. पुण्याहून आलेला धाकटा भाऊ पांढरा कुर्ता घालून बाहेर आला आणि बाबांनी किल्ली त्याच्या हातात दिली. त्यानं या गाडीला कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. पोरींना शिकवा म्हणून वस्तीत घरोघर फिरलेले माझे बाबा!

भावानं किकांवर किका मारल्या. चोक ओढलेलाच ठेवून इंजिनात पेट्रोल भरून ठेवलं. कुर्ता पाठीला चिकटला. लोक जमायला लागले. तेव्हा बाबा मला म्हणाले, "माय, तू चालू करून दे त्याले."

मी गाडीवर बसले. पेट्रोलचा कॉक बंद केला, चोक ढकलला, आत साचलेलं पेट्रोल निघून जावं म्हणून मूठ पूर्ण उघडून चार किका नुसत्या मारल्या. मग कॉक उघडला आणि किक मारली. सुरू झाली. भाऊ हँडल धरायला पुढे आला. मी उतरले नाही.

"बाबा," मी म्हटलं, "बसा मांगं."