कपाची सवय

दोन्ही हातांची ओंजळ करून मी पायरीखाली उभा होतो. शेट वरून तीत कॉफी ओतत होते. वाफाळती. एक थेंब निसटला तसे ओरडले, "बराबर धर! सांडू नको. बागेतला माल हाय, नाल्याचं पाणी न्हाई."

ते आठवलं की आजही मला एका जागी बसवत नाही. उठतो, फेऱ्या मारतो, तळहात बघतो.

मी जालन्याच्या महारवाड्यातला. निजामाचं राज्य होतं. शेटचं कॉफीचं दुकान, छावणीतले साहेब गिऱ्हाईक. बुंद, म्हणजे कॉफीचे दाणे, निवडायचं आणि भाजायचं काम माझं. दुकानाचा नियम असा, की कोरड्याला विटाळ नाही. दाण्यावर पाणी पडलं की मी बाहेर. भाजायची मी, पण उकळलेली चाखायची नाही. दाणा चावून मात्र मी बिनचूक सांगायचो, माल जुना आहे, याला ओल लागलीय. शेटची जीभ तंबाखूनं मेलेली. माझंच बोलणं ते साहेबांपुढे आपलं म्हणून सांगायचे. मी दाराबाहेरून ऐकायचो.

म्हणून तर माल पारखायला दक्षिणेतल्या डोंगरात त्यांनी मला बरोबर नेलं. तीन दिवस रेल्वे, मग लॉरी. ठरलं होतं, मी दाणे चावायचे आणि चांगला माल आला की कानाला हात लावायचा. पण मळ्याच्या मालकानं दाणे दाखवलेच नाहीत. ओट्यावर पाच कप मांडले. "इधर पीके देखते," म्हणाला. शेटनं पाच घोट घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार, कपाळ? माझ्या तोंडात काहीच गेलं नव्हतं. तेव्हा ती ओंजळ.

मळेवाला उठला. त्याला माझी जात कळली नव्हती की फिकीर नव्हती, देव जाणे. एक रिकामा कप त्यानं माझ्यापुढे धरला.

शेट हसले. "उसको कप की आदत नहीं."

तळहात भाजला नव्हता तेवढं ते हसणं भाजलं. बारा वर्षं यांना माझी जीभ चालली, ओठ चालले नाहीत. मी ओंजळ सोडली. कॉफी पायरीवर सांडली, शेटच्या धोतरावर उडाली.

"कप दो, मालिक," मी म्हणालो. "आदत लगती."

पायरी चढलो. पाचही कॉफ्या त्या कपात एकेक करून ओतून घेतल्या, सावकाश प्यालो. तिसरी अस्सल होती. माझा हात कानाकडे गेला नाही.

शेट दात खात कुजबुजले, "सांग की रं, कोंची?"

"तुमच्या जिभेला इचारा."

त्यांनी पाचवी घेतली. बुरसट. जालन्याला परतल्यावर साहेब लोक पुड्या परत धाडू लागले. एके दिवशी शेट स्वतः महारवाड्याच्या तोंडाशी आले. हातात नव्या मालाची पिशवी.

"नुस्ता दाणा चाव अन् सांग. कोरडंच हाय."

"कप आणलाय?"

त्यांनी पिशवीच पुढे केली. मी पाठ फिरवली.

तेव्हापासून मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतो. बायको अजून विचारते, "एक दाणा चावला असता तर काय बिघडलं असतं?"

बिघडलं असतं. माझ्या ओल्याचा ज्यांना विटाळ, त्यांना माझ्याकडून कोरडंही मिळणार नाही.