पहिली ओटी पद्मावतीची

बेळ्ळंदूरच्या तळ्यातली एक आसरा आमच्या चामराजपेटेत बारा वर्षं संसार करून परत पाण्यात गेली, असं आमच्या लोकांत अजून कुजबुजतात. ही कुजबुज सुरू केली माझ्या सासूबाईंनी, कृष्णाबाईंनी. त्यांच्या हातून स्वयंपाकात मीठ कमी पडेल, गोष्टीत कधी पडलं नाही.

आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या बायका. दिसायला आपल्यासारख्या, जरा जास्तच देखण्या. माणसांना जीव लावतात, पण मान राखला नाही तर बुडवतात. म्हणून तळ्याकाठी त्यांच्यासाठी हिरव्या बांगड्या, हळदकुंकू ठेवायचं. आणि एखादी माणसाच्या घरी नांदायला आलीच, तर तिला माहेर विचारायचं नाही. विचारलं की ती जाते.

साल एकावन्न. मोजणी खात्यातला कारकून विश्वेश्वर आमच्या शेजारी एकटाच राहायचा. एका दुपारी तो बैलगाडीतून उतरला. मागोमाग एक बाई, डोक्यापासून पायापर्यंत त्याच्या घोंगड्यात गुंडाळलेली. घोंगड्यातून पाणी ठिबकत होतं. सासूबाई ओट्यावर अवरेच्या शेंगा सोलत होत्या. ही कोण, असं त्यांनी विचारलं.

विश्वेश्वर बोलण्यात कच्चा. "आसरा, अक्का," तो म्हणाला. "बेळ्ळंदूरच्या तळ्यातून." आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. बाईचं नाव पद्मावती निघालं, म्हणजे नावही पाण्यातलंच. ती डोक्यावरचा पदर कधी ढळू देईना. केसांच्या जागी शेवाळ असतं त्यांच्या, असं सासूबाईंनी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं. विश्वेश्वरच्या कानावर सगळं आलं, पण त्यानं ते खोडलं नाही. फक्त दर संक्रांतीला ओट्याशी येऊन म्हणायचा, "अक्का, तिला माहेर तेवढं विचारू नका. ती राहायची नाही."

मान मात्र मोठा. हळदीकुंकवाला पहिली ओटी पद्मावतीची. पण तिच्या शेजारी कुणी बसायचं नाही. एकदा ती वाटी घेऊन स्वल्प साखर मागायला आली, तर सासूबाईंनी अख्खा डबा पुढे केला आणि डबाही परत घेतला नाही. ती तशीच उभी राहिली. तिला साखर नको होती, दोन घटका बसायचं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मीही कामाचं निमित्त करून आत गेले.

त्रेसष्टच्या संक्रांतीला पुण्याहून गल्लीत नवी राहायला आलेली विद्या आमच्याकडे हळदीकुंकवाला होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती खुशाल पद्मावतीजवळ जाऊन बसली आणि बाया बायांना विचारतात तसं विचारलं, "तुमचं माहेर कुठलं हो?"

मी तिळगुळाचं ताट खाली ठेवलं. पद्मावती हसली. बारा वर्षांत तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

"सर्जापूर. भीमाचार्यांची मी, धाकटी."

मग ती थांबेचना. परसातला फणस, विहिरीचं खारट पाणी, गाणं शिकवणारी आत्या. बोलता बोलता पदर खांद्यावर आला. कमरेपर्यंत जाड वेणी होती.

सासूबाईंची मावशी सर्जापूरची. भीमाचार्यांची धाकटी सतराव्या वर्षी विधवा झाली, तिचे केस काढले आणि पुढे ती तळ्यात बुडाली, हे त्यांनी मावशीकडे ऐकलेलं. त्यांनी कुंकवाचा करंडा मिटला.

"मग तुला कुंकू कसं लावू, बाई?"

आसरेला बारा वर्षं लावलं होतं. पद्मावतीनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला, ओटीतला नारळ पाटावर ठेवला आणि गेली.

आठवड्यात विश्वेश्वरच्या दाराला कुलूप लागलं. माहेर विचारलं आणि गेली पाण्यात, असं सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या. विद्या बिचारी ते आपल्यामुळेच झालं असं धरून बसली.

पद्मावती पाण्यात गेली नाही. आली होती ती पाण्यातून, कारण ती जीव द्यायला तळ्यात उतरली होती आणि मोजणीला गेलेल्या विश्वेश्वरनं तिला बाहेर काढलं. हिला आसरा द्यायचाय, एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्यांचं रजिस्टर लग्न झालं होतं. पदराखाली केस वाढत होते. आमच्याकडून गेल्यावर ती दोघं बोम्मसंद्र्याला एका भाड्याच्या खोलीत राहिली. सदुसष्ट साली ती तिथे टायफॉईडनं वारली. निरोप आला होता. आम्ही कुणी गेलो नाही.