खिशातला फ्यूज

घरात शिरले की मिस्त्री आधी मीटरच्या बोर्डाकडे जायचे, फ्यूज काढायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. मग खिशावर एक थाप मारून म्हणायचे, "आता माझा जीव माझ्या खिशात. बोला सर, काय दुखतंय?"

दुखत असायची एखादी ट्यूब. पंखे, गिझर ही कामं ते करायचे, पण नाइलाजानं. त्यांचा जीव अडकला होता तो बाजारातून उठून गेलेल्या दिव्यांत. गोल ट्यूब, आरशावरची वीतभर ट्यूब, मधोमध वाकवलेली ट्यूब. दुकानदार ज्याला "हे आता येत नाही" म्हणायचा, नेमकं तेच यांना जगवायचं असायचं. काळी पडलेली टोकं खिडकीच्या उजेडात धरून ते निदान सांगायचे, "मेली नाय, थकलीय."

तुमच्याही गल्लीत असा माणूस असेल. कामाला एक तास आणि बोलायला दोन. आमचे मिस्त्री मेंढपाळाच्या घरातले. एका दुष्काळात वडिलांनी कळप विकला आणि हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वायरमनच्या हाताखाली लागले. पुढं कारखाना बंद पडला, तोवर हात तयार झाला होता. एकदा मी वैतागून म्हणालो, "मिस्त्री, फिटिंगच बदलून टाका ना." मी वर्गात ढ पोराकडे पाहतो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मेंढरू लंगडलं म्हणून कापतेत का, सर?"

"कापतातच की."

स्टुलावर उभ्या उभ्या ते जरा विचारात पडले. "कापतेत," ते म्हणाले, "पण लगेच नाय."

आमच्या मुकुंदवाडीत ते फक्त पाण्याच्या दिवशी यायचे. त्या वर्षांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि त्या दिवशी घरातलं कुणीतरी नळापाशी अडकलेलं असायचंच. "पाण्याच्या दिशी कुलूप भेटत नाय," हे त्यांचं शास्त्र.

हे शास्त्र एकदा आमच्या अंगाशी आलं. आरशावरचा दिवा उघडून ठेवला, "सामान घेऊन येतो" म्हणत ते सायकलवर टांग टाकून गुलमंडीच्या बाजारात गेले, आणि आमचा फ्यूज त्यांच्या खिशातून गुलमंडीला गेला. इकडं पाणी आलं. गल्लीभर मोटारी घुमायला लागल्या, आमची मुकी. शेजाऱ्यांचा फ्यूज आमच्या बोर्डात बसेना. मिस्त्री धापा टाकत परतले तेव्हा नळ नुसती हवा सोडत होता. आईनं त्यांना असं फैलावर घेतलं, की मलाच कानकोंडं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात हजर. सायकलच्या कॅरिअरला पाण्याचे दोन कॅन बांधलेले. पुढचं पाणी येईपर्यंत रोज आले. त्यांच्या स्वतःच्या घरी किती उरत होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

आमच्या बैठकीत छताला एक गोल फिटिंग आहे. घर बांधलं तेव्हा वडिलांनी गुलमंडीतून रिक्षानं, लेकरू धरावं तशी मांडीवर धरून आणलेली. वडील गेल्यावरही आई रोज दिवेलागणीला बटण दाबून त्या दिव्याला हात जोडते. तर ती गोल ट्यूब मिळेनाशी झाली. मी म्हणालो, चपटं एलईडी पॅनेल लावू. आई म्हणाली, "म्हणजे रोज काय झाकणाला नमस्कार करू?"

मिस्त्रींना हे काम मिळाल्याचा कोण आनंद! त्यांनी आतली ट्यूब काढली, चोक काढला आणि आईकडे पातेल्याचं ॲल्युमिनियमचं झाकण मागितलं. "झाकण गरमी पितं, काकू. पट्ट्या टिकतेत." त्यावर एलईडीच्या पट्ट्या गोल चिकटवून ते फिटिंगच्या आत बसवलं आणि दिवा लावला. लख्ख पांढरा. आई म्हणाली, "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं." पुढच्या पाण्याला पिवळ्या पट्ट्या आल्या. "आता मांडवात बसल्यासारखं." तिसऱ्या पाण्याला मिस्त्रींनी एक पांढरी, एक पिवळी अशा पट्ट्या जोडल्या. आई बराच वेळ वर बघत राहिली, मग तिनं हात जोडले. मिस्त्रींनीही स्टुलावरून जोडले. शेवटी झाकणालाच नमस्कार झाला, पण ते बोलून दाखवायला मी काही वेडा नव्हतो. पातेल्यावर आजही ताटली असते.

फिटिंगची काच बसवण्याआधी ते आत मार्करनं काहीतरी लिहीत होते.

"काय लिहिताय?"

"पुढच्या मिस्त्रीला चिठ्ठी. मी नसलो तर त्याला कळाया नको व्हय, आत काय केलंय?"

पुढं शहर वाढत गेलं. चिकलठाण्याकडं इमारती उठल्या, घरोघर फॉल्स सीलिंगची खोटी छतं आली आणि त्यांत बसवलेले दिवे. मिस्त्री त्यांना "खड्ड्यातले दिवे" म्हणायचे. त्यात थकण्यासारखं काही नसायचं. बिघडलं की फेका. त्यांचं काम कमी झालं, बोलणं नाही.

गेल्या उन्हाळ्यात दोन पाणी ते आले नाहीत. दोन्ही वेळा आईनं विचारलं. तिसऱ्या पाण्याला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कळलं की ते जाऊन बारा दिवस झाले होते.

यंदा आम्ही घराला रंग काढला आणि बैठकीत खोटं छत करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं. आई दोन दिवस काहीच बोलली नाही, जेवतानासुद्धा. मी ते न दिसल्यासारखं केलं.

नवा मिस्त्री नुसतं बटण बंद करून शिडीवर चढायला लागला. मी त्याला थांबवलं, फ्यूज काढला आणि खिशात टाकला. थापही मारली गेली. त्यानं काच उतरवली आणि तो वरच थबकला. मग एकेक शब्द वाचू लागला.

"चोक काढला आहे. जुनी ट्यूब लावू नये. फिटिंग काढायची असल तर आधी काकूंना विचारा."

त्यानं खाली पाहिलं. "सर, काकू कोण?"

आई खुर्चीत सावरून बसली. "मी," ती म्हणाली. "नाही म्हणून सांगा तुमच्या सरांना."

मी खिशातून फ्यूज काढला आणि तो परत बसवायला बोर्डाकडे गेलो.